घरच्या शुश्रूषेचा दर्जा कोण तपासणार?

गणेशपुरी, वज्रेश्वरी आणि अकलोली या तानसा नदीकाठच्या तीन गावांतील गरम पाण्याच्या कुंडांवर वर्षभर गर्दी असते. नित्यानंदांच्या समाधीचे दर्शन आणि कुंडातील स्नान असा दुहेरी हेतू मनाशी बाळगून मुंबई-ठाण्याकडील भाविक भिवंडी-वाडा रस्त्याने येतात, अंबाडीला वळतात आणि गणेशपुरी गाठतात. सांधेदुखी, अंगदुखी, त्वचेचे विकार यांवर हे पाणी गुणकारी असल्याची श्रद्धा जुनी आहे. साहजिकच ज्यांचे पाय अपघातानंतर लुळे पडले आहेत, अशांनाही आशेने येथे आणावेसे वाटणे स्वाभाविक आहे. त्या श्रद्धेविषयी वाद घालण्याचे कारण नाही. परंतु मज्जारज्जूला इजा झालेल्या माणसाला इजेच्या खालच्या भागात उष्णतेची जाणीवच उरत नाही, ही साधी वैद्यकीय बाब त्याला उचलून आणणाऱ्यांपैकी कितीजणांना कोणी सांगितलेली असते? धडधाकट माणूस ज्या पाण्यातून चटका बसताच पाय काढून घेतो, त्याच पाण्यात हा रुग्ण शांतपणे बसून राहतो आणि कातडी सोलून निघाल्याचे घरी गेल्यावर, कपडे बदलताना लक्षात येते. घरातल्या गरम पाण्याच्या पिशवीबाबतही हेच घडते.

ही चूक कुटुंबाच्या प्रेमातील उणीव नव्हे. ती शुश्रूषेच्या ज्ञानातील उणीव आहे आणि हे ज्ञान देण्याची, ते दिले गेले की नाही हे पाहण्याची जबाबदारी आज कायद्याने कोणावरही नाही. रुग्णालयातून घरी सोडताना हाती पडणाऱ्या कागदावर औषधांची नावे असतात आणि पुन्हा कधी दाखवायला यायचे याची तारीख असते. उरलेल्या आयुष्याविषयी त्यावर बहुधा काहीच नसते.

प्रश्न किती मोठा आहे, हे सांगणारी आकडेवारी नाही, ही पहिली अडचण. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या नोंदीनुसार २०२३ या वर्षात देशात ४ लाख ८० हजार ५८३ अपघात झाले, १ लाख ७२ हजार ८९० माणसे दगावली आणि ४ लाख ६२ हजार ८२५ जखमी झाली. महाराष्ट्रात दरवर्षी रस्त्यांवर पंधरा हजारांहून अधिक बळी जातात. मात्र ‘जखमी’ या एका शब्दात हात मोडून सहा आठवड्यांत कामावर परतलेला तरुण आणि मान मोडून जन्मभर अंथरुणाला खिळलेला तरुण असे दोघेही मावतात. शिवाय, अपघातानंतर तीस दिवसांच्या आत मृत्यू आला, तरच तो अपघाती मृत्यू म्हणून मोजला जातो. चौथ्या महिन्यात पाठीवरच्या जखमेतून रक्तात विष पसरून कोणी गेला, तर तो रस्त्याचा बळी ठरत नाही आणि वाईट शुश्रूषेचा बळी म्हणून त्याची नोंद करणारे तर कोणतेच खाते नाही. भिवंडी तालुक्यात या प्रकारच्या दुखापतींची कारणे डोळ्यांसमोर आहेत. गोदामांत मालाच्या चळतींवरून होणारी पडझड, यंत्रमागांच्या कारखान्यांतील अपघात, कोसळणाऱ्या इमारती (२०२० च्या सप्टेंबरातील जिलानी इमारतीची दुर्घटना विसरण्याजोगी नाही) आणि ज्याच्या खड्ड्यांवरून पुन्हा पुन्हा आंदोलने झाली तो भिवंडी-वाडा-मनोर रस्ता.

शासन काहीच करीत नाही, असे म्हणता येणार नाही. करते, पण सुरुवातीचे काही दिवस. मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातग्रस्तांसाठी रोकडरहित उपचारांची योजना अधिसूचित केली. तीत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात, मुदत मात्र अपघातापासून सात दिवसांची आहे. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना शस्त्रक्रियेचा भार उचलते; तिची रचना रुग्णालयातील उपचारांसाठी आहे, घरातील शुश्रूषेसाठी नाही. जीव वाचवण्याची यंत्रणा गेल्या वीस वर्षांत बरीच सुधारली, रुग्णवाहिका आल्या, अतिदक्षता विभाग वाढले. त्यामुळे पूर्वी जागीच गेली असती अशी माणसे आज घरी परततात. वाचवलेल्या जिवाचे पुढे काय, हा प्रश्न त्या यशातूनच निर्माण झाला आहे.

या दुखापतींची शुश्रूषा म्हणजे नेमके काय, हे समजून घेतल्याखेरीज दर्जाची चर्चा पोकळ ठरते. निरोगी माणूस झोपेतही सतत कूस बदलतो. ज्याला ते करता येत नाही, त्याच्या माकडहाडावर, नितंबांवर, टाचांवर शरीराचे वजन एकाच जागी दाबून राहते, तेथील रक्तपुरवठा थांबतो आणि कातडी मरू लागते. सुरुवातीला फक्त लालसर डाग दिसतो. तो त्या दिवशी ओळखला, तर कूस बदलून काम भागते. चार दिवस दुर्लक्ष झाले, तर जखम स्नायूपर्यंत, पुढे हाडापर्यंत पोहोचते आणि ती भरायला कित्येक महिने जातात. यालाच शय्याव्रण, म्हणजे बोलीतला ‘बेडसोर’, म्हणतात. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत कमरेखालून लुळे झालेले बहुतेक रुग्ण या जखमांनी आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाने लवकरच मरत असत. १९४४ मध्ये इंग्लंडमधील स्टोक मँडव्हिल येथे लुडविग गुटमन या डॉक्टरांनी पाठीच्या कण्याच्या दुखापतींचा स्वतंत्र विभाग सुरू केला, तेव्हा त्यांच्या हाती चमत्कारिक औषध नव्हते. रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलणे, मूत्राशय वेळच्या वेळी आणि स्वच्छतेने रिकामे करणे आणि रुग्णाला लवकरात लवकर उठवून कामाला लावणे, एवढ्याच गोष्टींचा त्यांनी हट्ट धरला. मृत्यूचे प्रमाण त्या हट्टाने खाली आले.

लघवीची नळी तुंबली, तर मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागातील मज्जारज्जूला इजा झालेल्या रुग्णाचा रक्तदाब काही मिनिटांत जीवघेणा वाढू शकतो. अशा वेळी त्याला ताबडतोब बसते करायचे आणि नळीला पीळ पडला आहे का ते पाहायचे असते. हे ठाऊक असलेली सेविका घरात असणे आणि नसणे, यांत जीवन-मरणाचे अंतर असते. मेंदूला इजा झालेल्या रुग्णांची तऱ्हा आणखी वेगळी. तेथे नाकातून घातलेल्या नळीने भरवताना डोके उंचावर ठेवले नाही, तर अन्न फुफ्फुसात जाते. जो चालू-बोलू लागतो त्याचा स्वभाव बदललेला असतो. त्याचा संताप, विसराळूपणा हा दुखापतीचा भाग आहे हे न कळल्याने घरचे त्याला हट्टी ठरवतात. भाजलेल्यांचे सांधे आखडतात, पाय कापलेल्यांना उरलेल्या भागाला पट्टी बांधण्याची रीत शिकावी लागते.

महाराष्ट्राला या बाबतीत दूर पाहण्याची गरज नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर २७ नोव्हेंबर १९७३ रोजी अमानुष हल्ला झाला आणि मेंदूला झालेल्या इजेमुळे त्या १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत त्याच रुग्णालयात पडून राहिल्या. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवर ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाची चर्चा आजवर प्रामुख्याने जगण्या-मरण्याच्या हक्काच्या अंगाने झाली. त्या प्रकरणातून पुढे आलेली एक बाब मात्र तितकीशी लक्षात राहिली नाही. इतक्या वर्षांत त्यांच्या अंगावर शय्याव्रण होऊ दिला गेला नव्हता. केईएमच्या परिचारिकांच्या कित्येक तुकड्या आल्या, निवृत्त झाल्या, पण पाळीमागून पाळी ही शुश्रूषा अखंड राहिली. यात प्रेम होते, सहकारिणीविषयीची निष्ठा होती, हे खरेच. पण त्याबरोबर पाळीचे वेळापत्रक होते, पुढच्या पाळीला काय सांगून जायचे याची शिस्त होती आणि काही बिघडले तर विचारणारे कोणीतरी वर होते. शुश्रूषेचा दर्जा म्हणतात तो याला. पालिकेच्या एका गर्दीच्या रुग्णालयात, कोणत्याही महागड्या यंत्राविना तो चार दशके टिकवता आला.

घरात यांतले काय असते? एक आई किंवा एक पत्नी असते. पाळी बदलायला दुसरी कोणी नसते. दिवसा स्वयंपाक, पाणी आणि मुलांची शाळा सांभाळून तिने दर दोन तासांनी साठ-सत्तर किलोचे शरीर वळवायचे असते आणि रात्रीही तेच करायचे असते. थोड्याच काळात तिची स्वतःची कंबर धरते. ज्यांना परवडते, ते ‘ब्युरो’कडे फोन करतात.

मुंबई, ठाणे, कल्याण, वसई या पट्ट्यात असे ब्युरो गल्लोगल्ली निघाले आहेत. बारा तासांची किंवा चोवीस तासांची मावशी, पुरुष रुग्णासाठी मामा, थोडे अधिक पैसे मोजले तर ‘सिस्टर’. ही सिस्टर खरोखरीच नोंदणीकृत परिचारिका आहे, की एखाद्या छोट्या रुग्णालयात वर्ष-दोन वर्षे आयाचे काम करून शिकलेली मुलगी आहे, हे विचारण्याची रीत नाही. परिचारिकांसाठी १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आणि राज्याची नर्सिंग कौन्सिल आहे. केंद्राने २०२३ मध्ये राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदाही केला. फिजिओथेरपिस्टसाठी राज्याने २००२ मध्ये परिषदेचा कायदा केला. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी २००८ चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. मावशी मात्र धड परिचारिकेत बसत नाही आणि धड मोलकरणीतही नाही. ती नळीने भरवते, लघवीची पिशवी बदलते, जखम पुसते, रात्र जागते. तिला कोणत्याही वहीत जागा नाही.

आणि ब्युरोला तरी कोठे आहे? महाराष्ट्रात रुग्णालयांची नोंदणी ज्या कायद्याखाली होते, त्याचे नाव ‘शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम’ असे आहे. १९४९ सालचा हा कायदा. त्याखालील नियम २०२१ मध्ये सुधारले गेले. नावात शुश्रूषाही आहे आणि गृहही आहे, परंतु गृहातील शुश्रूषा मात्र त्याच्या कक्षेत येत नाही, कारण तो खाटांच्या आणि जागेच्या हिशेबाने चालतो. केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेला नाही. ग्राहक संरक्षण कायद्याचे दार उघडे आहे असे कोणी म्हणेल. ते आहेही. पण तेथे पावती लागते, सेवेत काय ठरले होते त्याचा कागद लागतो आणि मुख्य म्हणजे नुकसान आधी व्हावे लागते.

न्यायालयांनी या प्रश्नाला एका वेगळ्या बाजूने हात घातला, तो भरपाईच्या. अपघातात कायमचे शंभर टक्के अपंगत्व आलेल्या एका मुलीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ५ फेब्रुवारी २०२० रोजी जो निकाल दिला, तो या दृष्टीने मैलाचा दगड आहे. एक माणूस चोवीस तास शुश्रूषा करू शकत नाही, म्हणून दोन सेवक लागतील, असे न्यायालयाने म्हटले आणि प्रत्येकी दरमहा ५ हजार रुपये धरून, १८ वर्षांच्या गुणकाने केवळ सेवकांच्या खर्चापोटी २१ लाख ६० हजार रुपये मंजूर केले. शुश्रूषा म्हणजे कोणीतरी फुकट करायचे काम नव्हे, तिला बाजारात किंमत आहे, ही गोष्ट येथे अधिकृतपणे मान्य झाली. दरमहा पाच हजारांत बारा तासांचा सेवक आज शहरात कोणाला मिळेल, हा भाग निराळा.

मात्र हा न्याय वाहन अपघातातील जखमींपुरता. कामावर जखमी झालेल्यांच्या वाट्याला येणारी भरपाई दीर्घकाळ १९२३ च्या कायद्यातील सूत्राने ठरत आली. नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. त्या सूत्रात मजुरी आहे, वय आहे, अपंगत्वाची टक्केवारी आहे. सेवकाचा खर्च नाही. म्हणजे ट्रकखाली सापडून लुळा झालेला हमाल आणि त्याच ट्रकमध्ये माल चढवताना पडून लुळा झालेला त्याचा भाऊ, यांना एकाच प्रकारची शुश्रूषा लागत असली, तरी कायद्याच्या लेखी ती सारखी नाही. मुंबई उच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये खड्ड्यांमुळे होणाऱ्या अपघातांसाठी मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई ठरवून दिली. निकाल स्वागतार्हच आहे. पण सर्वोच्च न्यायालयाने धरलेला दोन सेवकांचा दरमहा दहा हजारांचा हिशेब लावला, तर अडीच लाख रुपये पंचवीस महिन्यांत संपतात.

पैशाच्या या चर्चेत एक मूलभूत गोष्ट सुटते. भरपाई मिळालेल्या घरातही शुश्रूषा चांगली होते आहे की नाही, हे कोणी पाहत नाही. न्यायालय सेवकांची संख्या मोजते, तास मोजते, रुपये मोजते. त्या तासांत रुग्णाचे काय झाले, हे मोजण्याची सोय नाही. याचा कटू प्रत्यय उत्तर प्रदेशातील एका तरुणाच्या प्रकरणात आला. वर्षानुवर्षे अचेतन पडलेल्या मुलाच्या आई-वडिलांनी न्यायालयात धाव घेतली, तेव्हा नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने घरी शुश्रूषा पुरवण्याची योजना सर्वोच्च न्यायालयापुढे ठेवली. फिजिओथेरपिस्ट आणि आहारतज्ज्ञ यांच्या नियमित भेटी, बोलावल्यावर वैद्यकीय अधिकारी, परिचारिकेची मदत, औषधे व साहित्य मोफत, असा तिचा आराखडा होता. कागदावर याहून अधिक काय हवे? तरीही पुढच्याच वर्षी त्या आई-वडिलांना पुन्हा त्याच न्यायालयाचे दार ठोठवावे लागले.

दिव्यांग व्यक्तींचा हक्क अधिनियम २०१६ मध्ये आला. अधिक आधाराची गरज असलेल्या व्यक्तींना काळजीवाहकासाठी भत्ता देण्याची तरतूद त्याच्या चोविसाव्या कलमात आहे. तथापि ‘आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत’ हे शब्द त्याच कलमात आधी येतात आणि मग पुढचे सगळे त्या शब्दांच्या आड लपते. महाराष्ट्राने डिसेंबर २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचे स्वतंत्र खाते स्थापन केले. संजय गांधी निराधार अनुदान योजनेतील दिव्यांगांचे मासिक अनुदान दीड हजारांवरून अडीच हजार करण्याचा निर्णय सप्टेंबर २०२५ मध्ये झाला. या रकमेतून रुग्णाने जेवायचे, औषधे घ्यायची, की सेवक ठेवायचा? राष्ट्रीय न्यास कायद्याखाली काळजीवाहकांच्या प्रशिक्षणाची आणि आरोग्य विम्याची सोय आहे. पण १९९९ चा तो कायदा स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारच गटांपुरता आहे. विशीत मान मोडलेला तरुण त्यात बसत नाही.

प्रशिक्षण हा या सर्वावरचा सरकारी आवडता उपाय. कौशल्य विकास कार्यक्रमात ‘होम हेल्थ एड’ या नावाचा अभ्यासक्रम आहे. करोनाच्या दुसऱ्या लाटेनंतर, जून २०२१ मध्ये केंद्राने एक लाख तरुणांना सहा प्रकारच्या कामांचे अल्पकालीन शिक्षण देण्याची मोहीम काढली, त्यातही घरगुती शुश्रूषेचे काम होते. अभ्यासक्रम असणे चांगलेच. परंतु प्रमाणपत्र हे शिकल्याचा पुरावा असते, करीत असल्याचा नव्हे. शिवाय, ब्युरोने प्रमाणपत्रधारकच पाठवला पाहिजे असे बंधन कोठेही नसल्याने, ज्याने शिकण्यासाठी पैसे आणि महिने घालवले त्याला न शिकलेल्याहून अधिक मजुरी मिळेलच याची शाश्वती नाही.

मग दर्जा बांधायचा कसा? इंग्लंडमध्ये घरी जाऊन अंगमेहनतीची शुश्रूषा पुरवणाऱ्या प्रत्येक संस्थेला केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी करावी लागते. २००९ पासून काम करणारा हा आयोग तपासणी करतो आणि सेवा सुरक्षित आहे का, परिणामकारक आहे का, आपुलकीची आहे का, रुग्णाच्या गरजेप्रमाणे वाकणारी आहे का आणि संस्था नीट चालवली जाते का, या पाच प्रश्नांवर श्रेणी देऊन अहवाल जाहीर करतो. ही व्यवस्था डोळे झाकून येथे आणावी असे म्हणणारेही भेटतात. त्यांनी एवढे लक्षात घ्यावे, की २०२४ मध्ये या आयोगाच्याच कारभाराची सरकारी पाहणी झाली आणि तपासण्या रखडल्याचे, मूल्यमापन भरवशाचे राहिले नसल्याचे ताशेरे तीत होते. तपासनीसांची फौज उभारणे हे श्रीमंत देशालाही झेपले नाही. आपल्याकडे त्याचे रूपांतर आणखी एका परवान्यात आणि परवान्याच्या हप्त्यात होण्याची भीती अनाठायी नाही.

केरळने वेगळी वाट धरली. १९९३ मध्ये कोझिकोडला सुरू झालेल्या वेदनाशमनाच्या चळवळीतून तेथे शेजारच्या माणसांनीच रुग्ण ओळखायचे, त्यांची नोंद ठेवायची आणि प्रशिक्षित परिचारिकेने घरोघरी फिरायचे अशी पद्धत रुजली. २००८ मध्ये राज्याने उपशामक शुश्रूषेचे धोरण जाहीर करून ती पंचायतींच्या कामाचा भाग केली. कर्करोगापुरती ही सेवा मर्यादित राहिली नाही. कमरेखालून लुळे झालेले, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेले रुग्णही तीत आले. अंथरुणाशी बांधल्या गेलेल्या काळजीवाहकाला तेथे ‘आश्वासकिरणम्’ योजनेतून दरमहा ६०० रुपये देण्याची सोय झाली. रक्कम तुटपुंजी खरी. पण घरची स्त्री जे करते ते काम आहे, अशी नोंद सरकारी वहीत होणे ही गोष्ट तुटपुंजी नव्हे.

महाराष्ट्रात यासाठी लागणारे सांगाडे आहेत. उपकेंद्र आहे, तेथे समुदाय आरोग्य अधिकारी आहे, गावात आशा आहे. केंद्राने ज्यांना आता आयुष्मान आरोग्य मंदिर असे नाव दिले आहे, त्या केंद्रांनी द्यावयाच्या बारा सेवांत उपशामक सेवाही आहे. आशा गरोदर बाईची नोंद ठेवते, क्षयरोग्याची ठेवते. गावात मान मोडलेला किंवा मेंदूला इजा झालेला रुग्ण किती, याची नोंद ठेवण्यास नवे पद लागत नाही. त्या नोंदीबरोबर मोजक्या गोष्टी लिहिल्या जाव्यात. अंगावर जखम आहे का आणि ती गेल्या खेपेपेक्षा वाढली की भरली. मूत्रमार्गाचा जंतुसंसर्ग झाला का. नळी शेवटची कधी बदलली. वजन घटते आहे का. पुन्हा रुग्णालयात भरती व्हावे लागले का आणि गेल्या महिन्याभरात हा माणूस घराबाहेर पडला का. यांतील एकाही प्रश्नाला मोठे यंत्र लागत नाही. ब्युरोकडून पाठवलेल्या सेवकावरही हीच कसोटी लागू केली, तर प्रमाणपत्राचा घोळ मागे पडतो. दहावी नापास मावशीच्या हाताखालच्या रुग्णाला वर्षभर जखम झाली नाही, तर तिचे काम चांगले आहे. पदविकाधारक सिस्टरच्या रुग्णाला दोनदा झाली, तर कोणीतरी विचारले पाहिजे.

उलट बाजूनेही विचार व्हायला हवा. नोंदणी आणि किमान मजुरी यांची सक्ती झाली, तर ब्युरोचे दर वाढतील आणि आज कसेबसे सेवक ठेवणारी मध्यमवर्गीय घरे तेवढी मदतही गमावतील, असा आक्षेप घेतला जातो. तो खोटा नाही. परंतु बारा तासांच्या पाळीत एकटीने पुरुषाला उचलून पलंगावरून चाकाच्या खुर्चीत बसवणाऱ्या बाईला उचलण्याची रीत शिकवलेली नसेल, आठवड्याची सुट्टी नसेल, घरात तिला झोपायला जागा आणि वेळेवर जेवण नसेल, तर तिच्याकडून मध्यरात्री दोन वाजता उठून कूस बदलण्याची अपेक्षा धरणे कितपत रास्त आहे? सेवकाची पिळवणूक आणि रुग्णाची हेळसांड या बहुतेक वेळा एकाच घरात एकत्र नांदतात. शुश्रूषेची किंमत शासन, विमा कंपन्या आणि मालक यांच्यात वाटली गेल्याशिवाय तिचा दर्जा केवळ कुटुंबाच्या खिशातून उभा राहणार नाही.

आणखी एका गोष्टीकडे या चर्चेत नेहमीच काणाडोळा होतो. रुग्णाला काय हवे आहे? मुंबईच्या नीना फाउंडेशनच्या संस्थापक डॉ. केतना मेहता यांना १९९५ मध्ये पॅराग्लायडिंगच्या अपघातात मज्जारज्जूची दुखापत झाली. त्यांनी २००१ मध्ये ही संस्था उभी केली, ती अशा दुखापतग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी. खडकी येथील सैनिकांचे पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र १९७४ पासून काम करीत आहे. तेथील जवान चाकाच्या खुर्चीत बसून बास्केटबॉल खेळतात, तोंडात कुंचला धरून चित्रे काढतात. जखम होऊ न देणे हा शुश्रूषेचा पाया झाला. माणूस दिवसभर छताकडे पाहत पडून राहू नये, हीदेखील दर्जाचीच गोष्ट आहे. अंघोळ केव्हा करायची, खोलीत कोण असावे, लघवीची नळी बदलताना दार लावायचे की नाही, हे त्याला विचारले जाते का? चोख शुश्रूषा करणाऱ्या कित्येक घरांतही या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी येईल.

गणेशपुरीच्या परिसराला हे सगळे लागू करायचे, तर आणखी एक भान ठेवावे लागेल. मुंबईच्या सदनिकेसाठी लिहिलेले मानक वारली वा कातकरी पाड्यावरच्या कुडाच्या घरात चालणार नाही. तेथे चाकाची खुर्ची उंबऱ्यावर अडते, हवेची गादी वीज गेली की बसते आणि पंचवीस-तीस किलोमीटरवरील भिवंडीच्या इंदिरा गांधी स्मृती रुग्णालयात नळी बदलायला जायचे, तर दिवसाची मजुरी आणि गाडीभाडे दोन्ही जाते. अशा ठिकाणी दर्जा म्हणजे गादी नसेल तर उशा आणि गोधड्या कोठे, कशा लावायच्या हे शिकवलेली बायको, महिन्यातून एकदा नळी घेऊन घरी येणारी परिचारिका आणि जखम लाल असतानाच ती पाहणारी आशा. 

स्थानिक स्वराज्य संस्थांनी आपल्या उत्पन्नातील पाच टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्च करावी, असा दंडक महाराष्ट्रात आहे. पूर्वी तो तीन टक्क्यांचा होता. ही रक्कम अनेक ठिकाणी आर्थिक वर्षाच्या अखेरीस घाईने वाटून टाकली जाते, एखादी रोख मदत किंवा कोणाला न बसणारी तीनचाकी. यात्रेकरूंचा राबता असलेल्या गावांनी याच निधीतून हवेच्या गाद्या आणि वळवता येणाऱ्या खाटा विकत घेऊन त्या गरजेप्रमाणे आळीपाळीने दिल्या, दोन-चार स्थानिक बायकांना रुग्णालयात पाठवून शिकवून आणले आणि त्यांच्या भेटींचे मानधन दिले, तर त्याला नवा कायदा लागणार नाही. जिल्हा परिषदेची परवानगी आणि ग्रामसभेचा ठराव पुरेसा आहे. कुंडांच्या काठी, मणक्याची दुखापत असलेल्यांना पाण्यात उतरवण्यापूर्वी धडधाकट माणसाने कोपराने पाणी तपासावे, अशी मराठी आणि हिंदीतील पाटी लावण्याला तर तेवढेही लागत नाही.